पाहुण्यांचा फोन

“काय गं, आलं का पाहुण्यांचं काही?”

आत्तींनी माझ्या ताटात भाकरी वाढता वाढता विचारलं. खिडकीतलं ऊन पिवळं पडलं होतं, म्हणजे जेवण लवकर उरकायला हवं होतं. दिवस मावळल्यावर आमच्या घरात कुणी घास खात नाही. आम्ही सांगलीकडचे जैन. संध्याकाळी घराघरांतून ताटं वाजतात आणि मग एकदम सगळं शांत होतं.

“नाही आत्ती.”

“काय?”

“काही आलं नाही.” मी त्यांच्याकडे तोंड करून, ओठ नीट दिसतील अशी, सावकाश बोलले.

माझा आवाज मुळातच हळू. माहेरी म्हणायचे, ही बोलते की जप करते तेच कळत नाही. आणि सासू मिळाल्या त्या आत्ती, त्यांना ऐकायला कमी. मिरजेच्या दवाखान्यात लोकांचे कान तपासणं, त्यांना ऐकायचं मशीन बसवणं हेच माझं काम. आमच्या गल्लीला याचं फार हसू यायचं.

पाहुणे म्हणजे परदेशातली इस्पितळं. हे नाव आत्तींनीच ठेवलेलं. मी दीड वर्षं तिकडं अर्ज पाठवत होते. इंग्रजीची परीक्षा दिली होती, तिथल्या नोंदणीचे कागद झाले होते. आता फक्त एखाद्या इस्पितळानं मला कामावर घेऊन आपल्या नावानं माझा व्हिसा काढायला हवा होता. तसं कुणी उभं राहिल्याशिवाय जाताच येत नाही. अर्ज पोचला, एवढं कळवणारी मेल यायची आणि नंतर काही नाही. ना होकार, ना नकार. परीक्षेच्या निकालाची मुदत दिवाळीपर्यंतच होती. तोवर कुणी बोलावलं नाही तर सगळं पुन्हा पहिल्यापासून, आणि पुन्हा पहिल्यापासून करायचं बळ माझ्यात उरलेलं नव्हतं.

“मुलगी बघून जायचं, कळवतो म्हणायचं आणि गप्प बसायचं,” आत्ती म्हणाल्या. “माझ्या धाकट्या बहिणीला असलीच स्थळं आली होती. नको असेल तर नको म्हणा की! तोंड दुखतंय?”

“यांनी तर पोहेसुद्धा खाल्ले नाहीत, आई,” माझे यजमान भरतेश म्हणाले. “नुसता फोटो बघून गप्प आहेत.”

“काय म्हणतोय?”

“पोहे खाल्ले नाहीत म्हणतात,” मी सांगितलं.

“मग जाऊ दे. पोहे तरी वाचले.”

आम्ही तिघंही हसलो. अशीच हसत हसत ती दीड वर्षं गेली, नाहीतर अवघड होतं. दशलक्षण पर्व नुकतंच संपलं होतं. क्षमावणीच्या दिवशी आपण सगळ्यांची क्षमा मागतो आणि सगळ्यांना क्षमा करतो. तेव्हा भरतेशनी मला हळूच विचारलं होतं, “स्कॉटलंडच्या इस्पितळांना केलीस ना क्षमा? का तेवढी बाकी ठेवलीस?”

खरं सांगायचं तर सुरुवातीला मी फार तळमळले. दिवसभर मेल उघडून बघायची. पेशंटच्या कानात मशीन बसवताना खिशातला फोन थरथरला की माझं लक्ष उडायचं. मग एक दिवस मीच नेम घेतला. दिवसातून एकदाच मेल बघायची, तीही संध्याकाळचं सामायिक झाल्यावर. सामायिक म्हणजे दोन घडी, पाऊण तासभर, एका आसनावर बसून समभाव धरायचा. संकल्प करून बसलं की बोलायचं नाही, उठायचं नाही. कॉलेजात असताना एका जैन साध्वी माताजींकडून मी हे व्रत घेतलं आणि आजवर सोडलेलं नाही. मन शांत करून मग मेल उघडायची. रिकामी असली तरी त्या वेळी तितकंसं लागत नसे.

एवढी धडपड कशासाठी, असं गल्लीत विचारत. माझ्याकडे मुलं यायची ती चार-पाच वर्षांची होऊन. पोर बोलत नाही म्हणून आईबाप आणायचे. तपासलं की कळायचं, ते जन्मापासून ऐकतच नव्हतं. बोलणं शिकायचं वय निघून गेलेलं. तिकडं मात्र बाळ जन्मल्याबरोबर कान तपासतात, अंगठ्याएवढ्या कानाला मशीन बसवतात. ते काम मला हातानं शिकायचं होतं. आत्तींना हे मी पुनःपुन्हा सांगितलं होतं. त्या मान हलवायच्या. ऐकू किती यायचं, कोण जाणे.

त्या दिवशी दिवस मावळला आणि पार्श्वनाथांच्या तसबिरीपुढं मी आसन टाकलं. भरतेश बस्तीत, म्हणजे आमच्या देवळात, दर्शनाला गेले होते. फोन नेहमीप्रमाणे आत्तींच्या मांडीवर दिला. संकल्प केला, डोळे मिटले, माळ हातात घेतली. थोडा वेळ छान गेला.

आणि फोन वाजला.

“हॅलोऽऽ!” आत्तींचं हॅलो पलीकडच्या गल्लीपर्यंत पोचतं. “हां, त्रिशला! येस, येस. माय सून. मी? आय सासू!”

मी पुढचा मणी ओढला.

“कुठनं?” मग आत्तींनी आवाज खाली आणला. त्यांचा खालचा आवाज म्हणजे फक्त आमच्या गल्लीला ऐकू जाईल एवढा. “फॉरेन?”

माझी माळ थांबली.

“वेलकम, वेलकम! शी गुड गर्ल. व्हेरी गुड. कुकिंग फर्स्ट क्लास. नो ओनियन, नो पोटॅटो!”

पलीकडून काय विचारलं होतं ते मला कळायला मार्ग नव्हता. आत्ती फोन नेहमी कानाशी गच्च दाबून धरतात. त्यांना जाडे आवाज येतात, बारीक येत नाहीत. बाईमाणसाचं बोलणं तर निम्मं गळून जातं. हे मला त्यांच्या कानाच्या तपासणीवरून ठाऊक होतं. म्हणजे फोनवर बाई असेल तर आत्तींना जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं. स्थळाकडची माणसं जे विचारतात, त्याचीच उत्तरं त्या देत सुटल्या होत्या.

“हाइट गुड. कलर गुड. व्हॉइस लो. नो फायटिंग इन हाउस.”

उठावं? चार पावलांवर फोन. दीड वर्ष ज्या आवाजाची वाट बघितली तो चार पावलांवर होता. मनानं मी कितीदा तरी उठले. देह तेवढा आसनावर राहिला.

“नो, नो, नाऊ नो टॉक. शी गॉड,” आत्ती म्हणाल्या. “ओके. फाइन. थँक्यू. जय जिनेंद्र!”

आणि त्यांनी फोन ठेवला. आपलं बोलणं संपलं की फोन संपला, ही त्यांची जुनी सवय.

उरलेल्या वेळात सगळ्या जीवांशी मैत्री असो, असं मला म्हणायचं होतं. सगळ्या जीवांशी जमलं. आत्तींशी जमायला बराच वेळ लागला.

मी उठले तेव्हा त्या लग्न ठरवून आल्यासारख्या खुलल्या होत्या.

“पाहुण्यांचा फोन आला होता! मी सगळं व्यवस्थित सांगितलं.”

“त्या काय म्हणाल्या, आत्ती?”

त्या थबकल्या. “म्हणायचं काय... मीच बोलले की. हसली मात्र बघ. चांगली वाटली बाई.”

“नाव? गाव?”

“ते न्हाई गं नीट आलं कानावर.”

फोनवर नंबर उमटलाच नव्हता. परदेशातले असे पुष्कळदा लपूनच येतात. भरतेश आले, त्यांनी फोन उलटासुलटा करून पाहिला. मी इतक्या ठिकाणी अर्ज केले होते. त्यांतल्या कुणाला विचारणार की काल माझ्या सासूबाईंशी कांदा-बटाट्यावर तुम्हीच बोललात का?

“माझं चुकलं व्हय?” आत्तींनी विचारलं.

मी त्यांचा हात धरला. “नाही आत्ती. तुम्ही माझं कौतुकच केलंत.”

त्या माझ्या ओठांकडं बघत राहिल्या आणि मग पाणी गाळायला गेल्या. ते पाणी सकाळीच गाळून झालेलं होतं.

पुढचे दिवस वाईट गेले. आधीची शांतता निदान सरळ होती. आता दारावर कुणीतरी येऊन गेलं होतं. दोन दिवसांनी जेवताना भरतेश म्हणाले, “त्रिशला, थोडे दिवस सामायिक पहाटे कर की. नाहीतर फोन आसनाशेजारी ठेव. इथली संध्याकाळ म्हणजे तिकडची दुपार. करणारा त्याच वेळेला करणार.”

माझ्याही मनात तेच घोळत होतं, म्हणून जास्तच वाईट वाटलं.

“काय म्हणतोय तो?” आत्तींनी विचारलं.

मी सांगितलं.

“काही गरज न्हाई!” त्यांनी ताट सारलं. “नेम म्हणजे काय धुणं हाय का, आज न्हाई तर उद्या वाळत घालायला? फोनचं मी बघते.”

“तू कसली बघतेस, आई?” भरतेश म्हणाले. “परत त्या बाईला पुरणपोळी सांगशील.”

आत्ती उठून खोलीत गेल्या. कपाटाचं दार वाजलं, आतले डबे सरकल्याचा आवाज झाला. त्या परत आल्या त्या मुठीत एक छोटी डबी घेऊन. ती त्यांनी माझ्या ताटाशेजारी ठेवली.

“हे कसं घालतात गं?”

भरतेशचा घास हातातच राहिला.

डबीतलं ते ऐकायचं मशीन मीच आणलेलं होतं. मी अर्ज करायला लागले, साधारण त्याच सुमारास. एकदा बसवलं, तर आत्तींनी लगेच काढून टाकलं. “कानात किडा शिरल्यागत होतंय,” म्हणाल्या. भरतेशनी समजावलं, रागावले, रुसले. मी एकदाही पुन्हा विषय काढला नाही. जबरदस्तीनं घातलेली मशीनं कपाटात जाऊन बसतात, हे मी दवाखान्यात रोज बघत होते. फक्त डबी त्यांच्या हाताला लागेल अशा जागी ठेवत होते आणि अधूनमधून आतला सेल बदलत होते.

हात पुसून मी मशीन त्यांच्या कानात बसवलं आणि आवाज हळूहळू वाढवला. आत्ती डोळे मोठे करून बसल्या.

“हे काय वाजतंय, किणकिण?”

“तुमच्या बांगड्या.”

त्यांनी हात हलवून पाहिला. परत हलवला. “एवढा आवाज करतात होय? आणि हे फुसफुस कसलं?”

“भाजीला वाफ आलीय.”

त्या थोडा वेळ ऐकत बसल्या. मग भरतेशकडं वळून म्हणाल्या, “तू जेवताना किती मचमच करतोस रे! लहानपणी शिकवलं न्हाई का मी?”

दुसऱ्या दिवसापासून आमची शिकवणी सुरू झाली. मी एकच वाक्य दिलं होतं, ‘प्लीज कॉल आफ्टर हाफ अवर.’ सकाळी फुलं तोडताना, दुपारी शेंगा फोडताना आत्ती ते घोकत. खालच्या मजल्यावरच्या जाऊबाई वर येऊन विचारून गेल्या, “आत्ती कुठलं नवीन स्तोत्र म्हणतायत गं?”

आणि एका संध्याकाळी, मी आसनावर बसल्यावर, फोन वाजला.

आत्तींनी तो मशीनच्या कानाला लावला, तर मशीननं कर्कश शिट्टी मारली. फोन जवळ आला की मशीन कधीकधी अशी शिट्टी मारतं, हे सांगायचं मी विसरले होते.

“आई गं! ओरडतंय हे!” काहीतरी खडखडलं. मग त्यांना भरतेशनी दाखवलेलं स्पीकरचं बटण आठवलं असावं, कारण एकदम खोलीभर एक बाईचा आवाज पसरला.

“हॅलो? मी मोरॅग बोलतेय, स्कॉटलंडच्या इस्पितळातून.” बोलणं इंग्रजीत, पण गावाकडच्या बाईसारखं ऐसपैस. “मला त्या स्वयंपाकाबद्दल सांगणाऱ्या बाई तुम्हीच का?”

“येस!” आत्ती म्हणाल्या. “सेम, सेम. आय हिअर नाऊ. मशीन. माय सून फिट.”

“अरे वा! तिनं स्वतः बसवलं?”

“येस. मशीन लाँग टाइम कपाट. शी नो फोर्स. माय सन फायटिंग, शी नो फायटिंग. नाऊ मी पुट.”

मी मिटल्या डोळ्यांनी आत्तींच्या वाक्याची वाट बघत होते. आता त्या अर्ध्या तासानं करा म्हणणार, ती बाई हो म्हणणार आणि पुन्हा काय होणार ते देवाला ठाऊक. पण आत्तींची मान बहुधा घड्याळाकडं वळली. शिकवलेलं सोडून त्या स्वतःच्याच मनानं म्हणाल्या,

“शी गॉड. फाइव्ह मिनिट. यू वेट?”

“थांबते की,” मोरॅग म्हणाली. “माझी जेवणाचीच सुट्टी आहे.”

आत्तींनी फोन चौरंगावर ठेवल्याचं आणि स्वतः त्याच्याशेजारी मांडी घालून बसल्याचं मला आवाजावरून कळलं. फोनमधून वाऱ्याचा आवाज येत होता, एखादा कागद चुरगळल्याचा, आणि मग लांबून, वरच्या पट्टीत, कसलं तरी ओरडणं.

आत्ती कुजबुजल्या. इतक्या वर्षांत त्यांना कुजबुजताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

“पक्षी हायत.”

शेवटचे णमोकार मी घाईनं म्हटले नाहीत. घाई करावी असं वाटलंच नाही. आम्ही तिघी गप्प होतो आणि त्या समुद्रपक्ष्यांचं एकसारखं चाललं होतं.

मग मी उठले, नमस्कार केला आणि फोन घेतला. “मी त्रिशला.”

“तुझा आवाज खरंच हळू आहे,” मोरॅग म्हणाली. “सासूबाईंनी सांगितलं होतं.”

पहिल्यांदा फोन तुटला तेव्हा तिला वाटलं होतं, या मुलीला नोकरी नको असेल. पण ती बटाट्याची गोष्ट तिनं घरी सांगितली, तिचा नवरा हसून हसून खाली बसला आणि म्हणाला, त्या घरी अजून एकदा फोन लाव. मग तिनं मला कामाचं विचारलं. कुठली तपासणी येते, किती लहान मुलं बघितली. शेवटी म्हणाली, “सासूबाई इतके दिवस मशीन घालत नव्हत्या. घरात तज्ज्ञ असून तू त्यांना राजी का केलं नाहीस?”

मी आत्तींकडं पाहिलं. त्या फोनच्या जवळ वाकून सगळं ऐकत होत्या.

“त्यांना का ऐकायचं नाही ते मला माहीत नव्हतं,” मी म्हणाले. “ते माहीत नसताना ऐका म्हणणं मला बरं वाटलं नाही. डबी हाताशी राहील, एवढंच मी बघितलं.”

“आमच्याकडं म्हातारे कोळी आहेत,” मोरॅग म्हणाली. “सगळ्यांची मशीनं टेबलाच्या खणात. तुझ्यासारखं कुणीतरी मला हवं आहे. पुढच्या आठवड्यात रीतसर मुलाखत घेऊ. आणि ऐक, तुझी ही प्रार्थना कधी असते ते आधी सांगून ठेव.”

मुलाखत झाली. दिवाळीच्या आधी व्हिसासाठीचं पत्रही आलं. आत्तींनी गल्लीत पेढे वाटले. “बोलणी मी केली,” असं प्रत्येक दारात सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं.

निघायच्या आदल्या दुपारी आम्ही दोघी बॅग भरत होतो. शेंगदाण्याच्या चटणीची पिशवी कुठं बसवावी यावरून थोडा वाद झाला. मग मी विचारलं, “आत्ती, इतके दिवस का नाही घातलंत मशीन?”

त्यांनी माझ्या साडीची घडी पुन्हा मोडून घातली.

“घातलं असतं तर तुमचं बोलणं ऐकू आलं असतं. रोज त्या खोलीत दोघं जायचं, जायचं, एवढंच बोलायचात. ओठ दिसले की मान फिरवायला येते गं. कान कुठं फिरवू?”

“मग घातलंत कशाला?”

“पहिला फोन आला तेव्हा तुझं तोंड बघितलं मी. डोळे मिटलेले आणि गालावरनं पाणी चाललेलं, पण तू उठली न्हाईस.” त्यांनी चटणीची पिशवी साड्यांच्या मधोमध खोचली. “म्हटलं, ही एवढं गप्प बसते तर आपण थोडं ऐकावं.”

मग लगेच म्हणाल्या, “ही पिशवी काढू नको. फुटली तर साडी धुवायला येते. चटणी तिकडं कोण करून देणार?”

याला आता बरीच वर्षं झाली. या समुद्रकाठच्या गावात हिवाळ्यात दिवस दुपारीच मावळतो. सगळे चहाला बसतात तेव्हा मी जेवण संपवून डबा धुवत असते. उन्हाळ्यात उलटं, सूर्य मावळायचं नावच घेत नाही. इथला दिवस कधी मावळतो हे माझ्याआधी आत्तींना ठाऊक असतं. माझ्यामागून इकडं येताना भरतेशनी त्यांच्या फोनवर ते दिसायची सोय करून दिली आहे. अजूनही फोनवर त्याच आधी बोलतात आणि बोलणं संपलं की त्याच ठेवतात.

“जेवलीस का? मावळत आला बघ तुझा.”

“जेवले आत्ती.”

“मोठ्यानं बोल म्हणणार न्हाई. येतंय ऐकू.” मग गल्लीतल्या बातम्या होतात, जाऊबाईंच्या गुडघ्यांची चौकशी होते. आणि शेवटी एवढंच म्हणतात, “खिडकी उघड जरा.”

मी खिडकी उघडते आणि फोन बाहेरच्या बाजूला धरते. बाहेर पक्ष्यांचा कलकलाट चाललेला असतो. आम्ही दोघी काही बोलत नाही. आणि त्या वेळी मात्र आत्ती फोन ठेवत नाहीत.